अनुभव धागा : "फाईल सापडत नाही"

संत्राबर्फी :
काल कपाट आवरताना आईच्या जुन्या पर्समध्ये दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट सापडलं, कोरं. बाबा गेल्यावर नागपुरात महाल भागातल्या घराच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आईचं नाव चढवायचं होतं. सात महिने एकच उत्तर, फाईल सापडत नाही. शेवटी आईने असंच दहाचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. फार काही विचारलं नाही, आमचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता एवढंच. नवव्या दिवशी फाईल सापडली! वर घरी फोन, "मॅडम काम झालं, अर्ज मागे घ्या ना." आईने नाही घेतला. हे दुसरं तिकीट "पुन्हा हरवली तर" म्हणून आणून ठेवलेलं. तुमचेही लिहा.

तर्री_जास्त :
काकू शेर आहेत बे 😄 आम्ही लेआउटच्या रस्त्याचं विचारलं होतं. 30 दिवस गेले, उत्तर नाही. वीसचं तिकीट लावून पहिलं अपील, मग दुसरं माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. सुनावणी लागेपर्यंत रस्ता झाला पण आणि केबलवाल्यांनी खोदला पण.

वाडीवाली :
थोडं अवांतर. माझे बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होते. तिथे काय करता विचारलं की म्हणायचे, "डबा खातो." रिटायर झाल्यावरही तेच उत्तर. आई तर अजून चिडते, आयुष्यभर डबा मी दिला आणि मलाच माहीत नाही म्हणते.

तर्री_जास्त :
डबा खातो 😂😂

माजी_बाबू :
मी रेकॉर्ड रूममध्ये होतो, शिव्या द्या हवं तर. पण दरवेळी फाईल लपवलेली नसते. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ड' वर्गाचे वर्षभरात नष्ट करायचे. वर्गवारी करायला माणूस नाही, म्हणून सगळं एकाच बासनात आणि बासन वाळवीच्या ताब्यात. आणि 'गोपनीय'चा शिक्का तर आमच्याकडे पंखे दुरुस्तीच्या पत्रावरही मारलेला पाहिला आहे. पण तक्रार कोणी केली ते नाव मागायला येतात ना, ते नाहीच द्यायचं. त्या माणसाला गावात राहायचं असतं.

काळाकोट :
बाबूजींशी सहमत, तक्रारदाराचा जीव धोक्यात येत असेल तर नाव न देण्याची मुभा कायद्यातच आहे. पण नुसत्या शिक्क्याने काही होत नाही, नाकारायचं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 किंवा 9 मधलं कारण दाखवावं लागतं. 1923 च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात बसणारी माहितीही, जनहित जड ठरलं तर कलम 8(2) खाली देता येते. लोकं उगाच "का केलं नाही" विचारतात. कागद मागा, कारण नका मागू.

तर्री_जास्त :
मॅडम सल्ल्याची फी किती 🙏

काळाकोट :
एक प्लेट पोहा. तर्री कमी.

झिंगाबाई_टाकळी :
कुकर लावला आहे, पटकन लिहिते. अर्जाआधी सोमवारी दुपारी 3 ते 5 जाऊन बघा, जिल्हा पातळीवर फाईल नुसती पाहता येते. मी गेले तर साहेब जेवायला. साडेचारला आले. पण दाखवली. तिकीट कुठे मिळतं आजकाल?

संत्राबर्फी :
कोर्टाजवळ स्टॅम्पवाल्यांकडे असतं. नाहीतर आईचं घे, पण ती देणार नाही बहुतेक 😄

माजी_बाबू :
वाडीवाली ताई, बाबा कोणत्या शिफ्टला होते? माझा साडू तिथेच होता. तोही काही सांगत नाही.