काटोल रोडला मधमाशांसाठी षटकोनी मंडप: पेट्या आत की बाहेर?

संत्राबाग_44
बागेत पोळ्याच्या आकाराचा मंडप बांधायचा आहे, षटकोन, प्रत्येक बाजू 10 फूट. सातेरीच्या (पाळायच्या देशी मधमाशा) 8 पेट्या, शाळेच्या पोरांना दाखवायला एक काचेची पेटी आणि मध काढायची जागा, सगळं आतच. जमीन काळी आहे. बांबू चालेल का? काय चुकेल?

बांबूकाम
भाऊ, साधारण 260 चौरस फूट होतात. पोरं बसायला पुष्कळ. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्या. बांबू जमिनीत गाडू नका, वाळवी लागते. काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीत बसवा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला घ्या. कीटकनाशक मारलेला अजिबात नको, माशांसाठीच बांधताय ना!
नुसता पत्रा मे महिन्यात तवा होतो. खाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई, माथ्यावर गरम हवेला फट. अन् भिंतीला शोभेची षटकोनी भोकं नकोत, गांधीलमाशा बिऱ्हाड करतात.

मोहोळवाला
पेट्या मात्र बाहेर. मंडपापासून 20 फुटांवर, दारं पूर्वेला, मध्ये 7 फुटी हिरवं कुंपण. माशा त्यावरून उंच उडतात, डोक्यांना धडकत नाहीत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. उथळ पाण्यात खडे घालून जवळच ठेवा, उन्हात पाणी नसलं की सातेरी पेटी सोडून जाते.
काचेची पेटी आत, सावलीत. पोळं आणि काच यांत 8 मिलिमीटरच्या आसपास जागा. कमी पडली तर माशा चिरडतात, जास्त झाली तर मध्ये नवं पोळं बांधतात, मग पाहायला काय उरतं? बाहेर जायची नळी भिंतीतून 7 फुटांवर काढा. पण ही पेटी थंडीपुरतीच. पिलाव्याला (अंडी-अळ्यांना) 34-35 अंश लागतात, एकाच चौकटीवरच्या (पोळं धरणारी लाकडी फ्रेम) माशांना 45 च्या उन्हात ते सांभाळणं जमत नाही. मेण वितळायच्या बरंच आधी मऊ पडतं आणि मधाने जड झालेलं पोळं ओघळतं. मार्च लागला की चौकट मोठ्या पेटीत परत.

संत्राबाग_44
मग मध काढणी तरी आत? खिडकीला जाळी लावतो.

मोहोळवाला
वेगळी खोली, दोन जाळीची दारं, एक लागल्यावरच दुसरं उघडायचं. वास सुटला की दुसऱ्या पेट्यांच्या माशा लुटालूट करतात, आणि त्या वेळी पोरं जवळ असली तर डंख ठरलेलेच. तीन चतुर्थांश तरी मेणाने बंद झालेल्या चौकटीच काढा, नाहीतर पाणी 20 टक्क्यांवर जाऊन मध आंबतो. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) फुलात असताना फवारणी टाळा, अगदीच लागली तर दिवस मावळल्यावर.