पॅसिव्ह ट्रान्सपोर्ट डोक्यात बसायला काय करावं? (अकरावी सायन्स)

सायलीची_आई
लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. विसरण (डिफ्युजन), परासरण (ऑस्मोसिस) शाळेत झालंय तिचं, पण आता क्लासमध्ये डिफ्युजन, ऑस्मोसिस, फॅसिलिटेटेड डिफ्युजन सगळं एका दमात उरकलं आणि तिचा पक्का समज झालाय की प्रोटीन लागलं म्हणजे ॲक्टिव्ह. मी कॉमर्सवाली, मला सांगता येत नाही. घरी करून बघण्यासारखं काही आहे का? आणि वाचायला काय देऊ?

लॅबवाला
ताई, आधी तो समज काढा, पुढचं सगळं त्यावरच अडतं. प्रोटीन लागतं का हा एक प्रश्न आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतं का हा दुसरा, ॲक्टिव्ह की पॅसिव्ह ते या दुसऱ्यावरून ठरतं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड पेशीच्या पटलाच्या, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाच्या, लिपिडमधून (चरबीसारखा थर) थेट आरपार जातात. ग्लुकोजला तिथून वाट नाही, मग लाल रक्तपेशीत ते ग्लुट-१ नावाच्या प्रोटीनमधून शिरतं, पण जातं जास्तीकडून कमीकडेच आणि त्यासाठी एटीपी लागत नाही, म्हणून पॅसिव्ह. याउलट सोडियम-पोटॅशियम पंप ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो, दोन्ही कमीकडून जास्तीकडे, म्हणून दर फेरीला १ एटीपी जातं. आणि ग्राफ तिलाच काढायला लावा, साध्या विसरणात दोन बाजूंच्या कॉन्सन्ट्रेशनमधला फरक वाढवला की वेग सरळ रेषेत वाढत जातो, फॅसिलिटेटेडमध्ये मात्र एका टप्प्यानंतर सपाट होतो कारण सगळी प्रोटीन्स आधीच कामाला लागलेली असतात.

रानजाई
घरी करायचं तर बटाटा! कच्च्या बटाट्याच्या सारख्या जाडीच्या काचऱ्या करा, काही साध्या पाण्यात, काही चांगल्या खारट पाण्यात, आणि तासाभराने बोटाने वाकवून बघायला सांगा. मिठातल्या ऑस्मोसिसने पाणी बाहेर गेल्यामुळे लुळ्या पडतात, साध्या पाण्यातल्या कडक राहतात. मग उकडलेला बटाटाही तसाच ठेवा, त्यात हा फरक दिसत नाही कारण उकडल्यावर पटलच गेलेलं असतं, आणि खरी गंमत तिथेच कळते.

कुठे मायक्रोस्कोप मिळाला तर रिओ नावाचं शोभेचं झाड सोडू नका प्लीज, नर्सरीत मिळतं, पानाची खालची बाजू जांभळी असते. ती साल पातळ सोलून पाण्याच्या थेंबात ठेवायची, वर कव्हरस्लिप, एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्यायचं. मीठ जवळजवळ ५ टक्के. थोड्याच वेळात जांभळा भाग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होतो. फार उशीर न करता साधं पाणी सोडलं तर परत पसरतो. रसाकुंचन (प्लाझ्मोलिसिस) म्हणतात ते हेच, एकदा असं बघितलं की व्याख्या घोकावी लागत नाही.

सायलीची_आई
बटाटा आजच करते! तिचा प्रश्न, पाणी लिपिडमधून जातं की प्रोटीनमधून?

लॅबवाला
फार चांगला प्रश्न, सांगा तिला. दोन्हीकडून. थोडं लिपिडमधून झिरपतं, पण जिथे भराभर जायचं असतं, म्हणजे लाल रक्तपेशी, किडनी, तिथे ॲक्वापोरिन नावाचे प्रोटीनचे चॅनल असतात. पीटर ॲग्री यांना याच शोधासाठी २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. एटीपी इथेही नाही.

वाचायला, एनसीईआरटीच्या अकरावीतून वनस्पतींतल्या वहनाचा अख्खा धडा काढलाय, आता पेशीच्या धड्यात थोडक्यात आहे तेवढंच. त्यामुळे स्टेट बोर्डाच्या बारावीच्या बायोलॉजीतला वनस्पती आणि पाण्याचा धडा आत्ताच वाचायला द्या, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते.