अनुभव धागा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडं काम हुडकताना

नोकऱ्या नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. कुठं गेलात, काय विचारलं, हातात किती पडले, ते लिहा. कंपनीचं नाव नको.

खानापूरचा फिटर
आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत वर्षभर अप्रेंटिस होतो. वर्ष सरलं, आमची बॅच घरी, नवी आत. कायम कशाला करतील, अप्रेंटिस स्वस्तात पडतोय की! मग ठेकेदाराकडं बारा तासांची पाळी, महिन्याला १३,०००. ऑर्डर कमी झाली की आधी ठेकेदाराची माणसं बसवतात. एका महिन्यात अकराच दिवस भरले. आता गोव्यात, वेर्ण्याला पॅकिंगला आहे. फिटरचं सर्टिफिकेट ट्रंकेत. पगार १८,०००, खरं खोलीभाडं आणि खानावळ जाऊन उरतंय काय?

बेळगावची बीएस्सी
शाळा मराठी माध्यमाची. गणपत गल्लीत भाव करण्याइतकं कन्नड झकास येतं. कर्नाटकच्या सरकारी भरती परीक्षेतला सक्तीचा कन्नड पेपर मात्र वेगळंच प्रकरण. पहिल्या वेळी निबंधाचा विषय समजायलाच दहा मिनिटं गेली. भाषेवर राग नाही. शेजारच्या निवृत्त बाई रोज संध्याकाळी शिकवतात, फी घेत नाहीत, वर चहा देतात. घरचे म्हणतात, महाराष्ट्रात फॉर्म भर. कुणी भरलाय का?

निपाणीकर
मी भरलाय. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना तिकडच्या भरतीत अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. त्यासाठी चार हेलपाटे घातले. पोलीस भरतीत तो चालला, जातीचा चालला नाही, कारण तो कर्नाटकचा. म्हणजे निपाणीत मागास, कोल्हापुरात खुला! सहा मार्कांनी गेलो. पुढं कागलच्या एमआयडीसीत गेटवर आधार बघून विचारलं, "कर्नाटकचा होय?" मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं अंतर ते. घेतलं शेवटी, रात्रपाळीला.

पहाटे पळणारा
लष्कराच्या मराठा रेजिमेंटचं सेंटर असलेल्या गावात वाढलो, सैन्याशिवाय दुसरं काही डोक्यातच नव्हतं. कोरोनात दोन वर्षं भरती बंद. जून २०२२ मध्ये अग्निपथ आलं, त्या वर्षापुरती वयाची अट २१ वरून २३ केली. मी तीन महिन्यांनी पुढं. धाकटा पुढच्या वर्षी लागला. चार वर्षांनी चौघांतला एकच ठेवणार म्हणे, त्यामुळं आई आता माझं सोडून त्याच्या २०२७ ची काळजी करते.

बीकॉम, चिकोडी
युवानिधीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेकारभत्त्याचे, महिना ३,००० मिळायचे, जास्तीत जास्त दोन वर्षं. मी बेकारच आहे असं आपणच कळवत राहायचं, त्याची लाज वाटायची. मग औषध दुकानात ७,००० वर लागलो, ते पैसे बंद. दिवसभर उभं राहून कमाई वाढली चार हजारांनी. टॅली येतं. कुणाच्या ओळखीत हिशेबाचं काम असलं तर सांगा की.