लाल सिरप सुरू झालं की मुलगा रात्रभर जागा. औषधातल्या रंगामुळे असं होतं का?

मीरा_कराड

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन साडेतेरा किलो. दिवाळीनंतर त्याची सर्दी काही हटत नाही. आठ दिवस बरा असतो, की पुन्हा नाक गळायला लागतं. दर वेळी एक लालभडक सिरप दिलं जातं, अडीच मिली दिवसातून तीनदा. ते सुरू झालं की पोर ओळखू येत नाही. एरवी गाड्या रांगेत लावत तासभर बसणारा मुलगा पलंगावरून उड्या मारतो, धाकट्या बहिणीचे केस ओढतो, रात्री एक-दीडपर्यंत टक्क जागा असतो. झोप लागलीच तर किंचाळून उठतो. औषध थांबलं की दोन-तीन दिवसांत पहिल्यासारखा.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, आजारी मूल किरकिर करणारच. पण ही किरकिर नाही हो. किरकिरणारं मूल मांडीवर येऊन पडतं, हा घरभर धावत सुटतो.

बाटली उन्हात धरून वाचली. क्लोरफेनिरामाइन मॅलिएट, फिनाइलेफ्रिन, खाली ‘फ्लेवर्ड सिरपी बेस’ आणि ‘रंग: पॉन्सो फोर आर’. नणंद म्हणते, या रंगांनीच मुलं चळवळी होतात, परदेशात म्हणे बंदी आहे. खरंच बंदी आहे का? आणि एवढ्याशा रंगाने एवढं होऊ शकतं? बिनरंगाचं औषध मागितलं तर मिळतं का? जागरणाने माझा आणि सासूबाईंचा पार पिट्ट्या पडलाय. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

स्वानंदी_डोंबिवली

अगदी हेच माझ्या लेकीचं व्हायचं. मी सिरपं बंदच केली. अडुळशाचं तयार सिरप, हळद-दूध, रात्री छातीला ओव्याची पुरचुंडी, बस. त्या बाटल्यांत नुसती साखर असते आणि साखरेने मुलं चेकाळतात, हे कुणीही आई सांगेल. आणि छिंदवाड्याला खोकल्याचं सिरप घेऊन मुलं दगावल्याच्या बातम्या वाचल्यापासून तर मला सिरपची बाटली हातात धरायचीही भीती वाटते.

मेडिकलवाला_चिपळूण

मीराताई, माझं चिपळूणला मेडिकल आहे. त्याआधी बरीच वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात लिक्विड सेक्शनला होतो, म्हणजे सिरपंच बनवत होतो. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण वाचा.

तुमचं निरीक्षण मी खरं धरून चालतो. पण माझा पहिला संशय रंगावर नाही, खुद्द औषधावर आहे. क्लोरफेनिरामाइन हे जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणि वाहतं नाक रोखणारं औषध. ते मेंदूत शिरतं, म्हणून मोठ्या माणसाला गुंगी येते. काही लहान मुलांत मात्र नेमकं उलटं होतं. मूल पेंगायच्या ऐवजी पेटून उठतं, हातपाय स्थिर राहत नाहीत, झोप उडते. फार्मकॉलॉजीच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडेल. जोडीला नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन, त्यानेही अस्वस्थपणा येऊ शकतो. आणि वय बघा. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये या जोडीच्या औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला सांगितलं. तुमचा मुलगा साडेतीनचा. खोक्यावर ती ओळ आहे का बघा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. रंगाची चर्चा त्यानंतर.

आता रंग. तुमच्या नणंदेचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. २००७ मध्ये इंग्लंडातल्या साउदम्प्टन विद्यापीठाचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं, सगळी साधी, शाळा-बालवाडीत जाणारी. त्यांना काही आठवडे फळांचा रस दिला. कधी त्यात कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकवण्याचं रसायन असायचं, कधी नाही, आणि कोणत्या दिवशी काय हे घरच्यांनाही ठाऊक नसायचं. रंगाच्या दिवसांत सरासरीने मुलांचा चळवळेपणा थोडा वाढलेला दिसला. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. काही मुलांत पुष्कळ फरक, काहींत काहीच नाही. त्याच गटाला २०१० मध्ये असंही दिसलं की शरीरात हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनाचा) निचरा करणारी जनुकं मुलागणिक वेगळी असतात आणि त्याचा याच्याशी संबंध आहे.

बंदी मात्र आली नाही. युरोपात जुलै २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांपैकी एखादा असलेल्या खाद्यपदार्थावर ‘मुलांच्या हालचालीवर व लक्ष देण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ असं छापावं लागतं. तुमचा पॉन्सो फोर आर त्या सहांत आहे. अमेरिकेत तो मुळात मान्य रंगांच्या यादीतच नाही. आणि युरोपातली ही सूचना खाण्याच्या वस्तूंसाठी आहे.

आता मात्रेचा हिशोब, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. साउदम्प्टनच्या ज्या मिश्रणाने तीन वर्षांच्या मुलांत फरक पडला, त्यात दिवसाला २० मिलिग्रॅम रंग आणि ४५ मिलिग्रॅम सोडियम बेन्झोएट होतं. सिरपच्या टाकीत रंग अगदी शेवटी पडतो. थोड्या पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, मग ओतायचा. हजार लिटरला ५० ग्रॅम धरला तरी तुमच्या मुलाच्या दिवसाच्या साडेसात मिलीत ०.४ मिलिग्रॅमही रंग जात नाही. २० कुठे आणि ०.४ कुठे! बेन्झोएटचं गणित वेगळं आहे. ते ०.१ ते ०.२ टक्के घालतात, म्हणजे साडेसात मिलीत १५ मिलिग्रॅमपर्यंत. अभ्यासातल्या मात्रेचा हा तिसरा हिस्सा झाला. मूल एकाच वेळी सर्दीचं, तापाचं आणि व्हिटॅमिनचं अशी तीन सिरपं घेत असेल तर बेरीज करून बघा. सगळे डोळे रंगावर लावून बसतात आणि जे दिसत नाही त्याची मात्रा जास्त असते.

पण तुमच्या बाटलीत बेन्झोएट आहे की पॅराबेन हे टिकवण्याचं दुसरं रसायन, हे तुम्हाला कळणारच नाही, आणि हीच गोष्ट मला फार खटकते. आपल्या औषध नियमांत नियम १२७ प्रमाणे रंगाचं नाव लेबलवर लिहावंच लागतं. बाकी सगळं त्या ‘सिरपी बेस’च्या पोटात. युरोपात औषधासोबतच्या पत्रकात एकूण एक घटक छापतात. तसं इथेही छापायला कारखान्याला काहीच कठीण नाही. प्रत्येक बॅचच्या कागदावर सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं असतंच, मी रोज त्यावर सही करायचो. ज्या आईला मुलाला काय सोसत नाही हे शोधायचं आहे, तिच्यापासून ते का ठेवायचं?

स्वानंदीताई, साखरेबद्दल. १९९४ मध्ये एक प्रयोग झाला. आयांना सांगितलं की मुलाला साखर दिली आहे, प्रत्यक्षात दिलं होतं अ‍ॅस्पार्टेम, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ते कृत्रिम गोड. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. साखर पाजून नीट तपासलेल्या अभ्यासांतही वागणं बदललेलं दिसलं नाही. दातांसाठी ती वाईट, हे वेगळं. तुमच्या अडुळशाच्या बाटलीचं लेबलही वाचा, तयार आयुर्वेदिक सिरपांतसुद्धा सोडियम बेन्झोएट सर्रास असतं. छिंदवाड्याला जे झालं ती भेसळ होती, सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. ते औषधात कधीच असता कामा नये. त्या मुलांचं जे झालं त्याला माफी नाही, पण तो प्रश्न आणि रंगाचा प्रश्न एकत्र कालवू नका. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. हे मला मनापासून पटतं. साधी सर्दी आपल्या चालीने जाते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, डोकं जरा उंच ठेवा.

मीराताई, रात्री आणखी काही देता का त्याला? किंचाळून उठणं मला त्या लाल सिरपच्या हिशोबात नीट बसत नाही.

मीरा_कराड

काका, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. हो, रात्री एक देतो. मॉन्टेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन, चार मिली, ते ‘अ‍ॅलर्जीचं’ म्हणून वेगळं लिहून दिलंय. त्यावर रंग सनसेट यलो लिहिलाय. खोक्यावरची ती चार वर्षांची ओळ सापडली. बारीक अक्षरात आहे.

मेडिकलवाला_चिपळूण

मॉन्टेल्युकास्ट! मग हे आजच डॉक्टरांना फोन करून सांगा.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या औषधावर चौकटीतला इशारा छापायला लावला, त्यांच्याकडचा सर्वांत कडक. कारण वागण्यात आणि मनःस्थितीत होणारे बदल: चिडचिड, आक्रमकपणा, भीतिदायक स्वप्नं, झोप बिघडणं, मोठ्या मुलांत जीव देण्याचे विचार. नुसती अ‍ॅलर्जीची सर्दी असेल आणि दुसरं औषध लागू पडत असेल तर हे टाळा, असंही त्यांनी सांगितलं. दम्याच्या पुष्कळ मुलांना ते छान उपयोगी पडतं, त्यामुळे इथे वाचणाऱ्या दम्याच्या मुलांच्या आईबाबांनी ते परस्पर बंद करू नये. पण माझ्या काउंटरवर साध्या सर्दीच्या चिठ्ठीतही हे नाव सारखं येतं, आणि पालकांना या दुष्परिणामाची कल्पना दिलेली असते असं क्वचितच दिसतं. मी स्वतः प्रत्येकाला सांगतो.

जाताना एका कागदावर वेळा लिहून न्या. लाल सिरप किती वाजता दिलं, उड्या किती वाजता सुरू झाल्या, रात्रीचं औषध कधी, किंचाळून कधी उठला. दिवसाचा गोंधळ सिरपनंतर तासा-दोन तासांत येत असेल आणि किंचाळणं रात्रीच्या औषधाच्याच दिवसांत असेल, तर दोन वेगळी कारणं असू शकतात. ‘किरकिर’ म्हणून असा कागद कुणी बाजूला सारणार नाही.

बिनरंगाचं मिळतं का, विचारलंत. काही कंपन्यांचं मिळतं, पण मागावं लागतं. काही औषधं पाण्यात विरघळणाऱ्या डीटी गोळीत येतात. त्यांतही कधी रंग, कधी अ‍ॅस्पार्टेम असतं, म्हणून पाकीट वाचूनच घ्यायची. आणि बदल डॉक्टरांना विचारून, कारण सिरप, थेंब आणि गोळी यांची ताकद वेगळी असते.

अभिजित_रेडिंग

आम्ही इंग्लंडात राहतो. इथे पत्रकात सगळं छापलेलं असतं हे खरं, पण म्हणून औषध बिनरंगाचं असतं असं नाही. घरातल्या गुलाबी पॅरासिटामॉलच्या पत्रकात कार्मोइसिन, ई १२२, स्पष्ट लिहिलंय, आणि तोही त्या सहांतलाच. फार्मसीत विचारलं की बिनरंगाचं दुसरं काढून देतात, एवढाच फरक.

बाबा_सोलापूर

एक भर घालतो, कारण असे धागे वाचून कुणी फिटचं औषध बंद करेल याची मला धास्ती वाटते. माझी मुलगी सात वर्षांची, लेव्हेटिरासेटाम सिरपवर आहे. सुरू केल्यावर इतकी रागीट झाली की वह्या फाडायची, आजीच्या अंगावर धावून जायची. आमचाही संशय रंगावर आणि त्या द्राक्षाच्या वासावर. न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की चिडकेपणा हा या औषधाचाच माहीत असलेला परिणाम आहे. त्यांनी हळूहळू दुसरं औषध वाढवत हे कमी केलं, त्याला काही आठवडे लागले. एकदम थांबवलं असतं तर फिट येण्याचा धोका होता. कुणाचं मूल फिटच्या औषधावर असेल आणि वागणं बदललं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, पण डोस चुकवू नका.

मीरा_कराड

कागद घेऊन गेले होते. या वेळी डॉक्टरांनी सगळं नीट वाचलं. लाल सिरप बंद, आणि दमा नाही म्हणून रात्रीचंही बंद केलं. मिठाच्या पाण्याचे थेंब दिलेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचंय. छाती वाजली किंवा श्वास भरभर झाला तर लगेच या म्हणाले. काका, हे कुठे कळवता येतं का? दुसऱ्या आयांनाही उपयोग होईल.

मेडिकलवाला_चिपळूण

येतं, आणि नक्की कळवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा यासाठी कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. दोन्ही बाटल्या टाकू नका. त्यांवरचा बॅच नंबर, मुलाचं वय आणि वजन, औषध सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, आणि तुमचा तो वेळांचा कागद, एवढं पुरतं. औषधामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, संशय असला तरी चालतो.