मसल कार की आताच्या गाड्या? (भांडण होणार माहितीये, होऊ दे)

वूडवर्डकर
तर झालं असं की आम्ही राहतो रॉयल ओकला, डेट्रॉइटच्या बाजूला, आणि शेजारी एक आजोबा आहेत पंचाहत्तरी उलटलेले, त्यांच्या गॅरेजात चादर पांघरून १९६६ ची पॉन्टियाक जीटीओ उभी असते, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. रविवारी म्हणाले चल बस. गाडी रात्रभर गार पडलेली, त्यांनी आधी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा तळापर्यंत दाबला, का तर चोक लागायला, मग किल्ली फिरवली, पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा एक ठसका, तिसऱ्यांदा पेटली आणि अख्खं गॅरेज कच्च्या पेट्रोलच्या वासाने भरलं. जागेवरच जरा रेस केली तर गाडी एका अंगाला कलली, नुसत्या इंजिनच्या पिळाने! ३८९ क्युबिक इंचाची व्ही-एट, म्हणजे साधारण ६.४ लिटर.

घरी येऊन स्वतःच्या गाडीत बसलो, बटण दाबलं, आणि चालू झाली की नाही ते स्क्रीनकडे बघून कळलं. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीला काय होतंय ते कानाला, नाकाला, बुडाला कळतं. आताच्या गाड्या चांगल्या आहेत हो, पण त्यात आपण स्टिअरिंग धरून बसलेले पॅसेंजर. बोला आता.

ब्रेकपॅड
बोलतो, ब्रेकवरच पोट चालतं माझं. ६६ च्या जीटीओला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, तेही ऑप्शन म्हणून, आले ६७ ला. आणि मास्टर सिलिंडर सिंगल सर्किट, म्हणजे एका चाकाची नळी गंजून फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, पेडल थेट जमिनीला. मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर किती मीठ टाकतात ते तुम्हाला मी सांगायला नको. १६०० किलोचं धूड, ३३५ हॉर्सपॉवर, आणि थांबायची बोंब. आजोबांना विचारा, उतारावरून लागोपाठ तीन-चारदा दाबून ब्रेक मारलाय का कधी? ड्रम तापले की पेडल कडक लागतं आणि गाडी मात्र जाते आपली पुढे.

बुडाला कळतं म्हणे. कळणारच, बाकी काही नाहीच त्यात.

वूडवर्डकर
हाहा, मान्य. पण ते ६० वर्षं चालवतायत आणि धडधाकट आहेत.

ब्रेकपॅड
जे नाहीत ते सांगायला येत नाहीत ना शेजारी. १९६६ मध्ये अमेरिकेत दर १० कोटी मैलांमागे साडेपाच माणसं मरत होती, हल्ली सव्वाच्या आसपास. त्याच वर्षी तर वाहन सुरक्षेचा कायदा आला इथे. २००९ मध्ये इन्शुरन्सवाल्यांच्या त्या संस्थेने, आयआयएचएसने, १९५९ ची शेवी (शेव्हरोले) बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू समोरासमोर आदळवली होती, ताशी ४० मैलांनी. लोकांना वाटायचं जुनं लोखंड ते, नव्या डब्याचा चुरा करेल. बेल एअरचं स्टिअरिंग ड्रायव्हरच्या पुतळ्यावर येऊन बसलं. मॅलिबूवाल्याच्या फार तर पायाला लागलं असतं.

एक्सफ्रेम_नको
हा व्हिडिओ प्रत्येक वादात येतोच, म्हणून सांगतो. बेल एअरला एक्स आकाराची फ्रेम होती, दोन्ही बाजूंना पोकळ, त्या काळातही त्यावर टीका झालेली. जीटीओची फ्रेम कडेने फिरते, ती गोष्ट वेगळी. शिवाय बेल एअर मसल कार नाहीच. लोक चार दारांची कुठलीही जुनी अमेरिकन गाडी बघितली की मसल कार म्हणून मोकळे होतात. मसल कार म्हणजे मधल्या आकाराची, स्वस्तातली बॉडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन, बास. पॉन्टियाक ज्यांची, त्या जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या गाडीत ३३० क्युबिक इंचाच्या वर जायचं नाही, तर पॉन्टियाकचे इंजिनिअर डिलोरियन आणि मंडळींनी १९६४ ला टेम्पेस्ट या मधल्या गाडीत ३८९ बसवलं आणि वर सांगितलं की हे नवं मॉडेल नाहीये हो, ऑप्शन पॅकेज आहे! किंमत जेमतेम ३०० डॉलर. नियमातून पळवाट काढून जन्माला आलेली गाडी आहे ती, म्हणून मजा आहे तिच्यात.

ब्रेकपॅड
फ्रेम वेगळी, बरं. क्रम्पल झोन, म्हणजे धडकेत मुद्दाम चेपून धक्का झेलणारा भाग, आहे का? खांद्यावरून पट्टा? सीटला मानेचा टेकू? आणि पळवाट काढून इंजिन वाढवलं, ब्रेक कोणी वाढवले?

आकडेमोड_अंजली
मला दोन्ही बाजूंच्या भावनांशी देणंघेणं नाही, पण ते ३३५ हॉर्सपॉवर तरी नीट म्हणा. १९७१ पर्यंतचे आकडे ग्रॉस आहेत. म्हणजे इंजिन एकटं स्टँडवर ठेवायचं, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, सायलेन्सर नाही, आणि मग मोजायचं. लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात तसं! १९७२ पासून सगळे नेट, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेला आकडा, सांगायला लागले. कॉर्व्हेटचं साधं ३५० चं इंजिन १९७१ ला २७० होतं, १९७२ ला एकदम २००, आणि इंजिन तेच. लोक म्हणतात प्रदूषणाच्या नियमांनी ताकद मारली, तर ते अर्धंच खरं आहे. अनलेडेड पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन कमी केलं, त्यात ताकद गेलीच, पण बराचसा भाग नुसता मोजमापाचा होता.

आणि आता ऐका, गेल्या पिढीची व्ही-सिक्स कॅमरी ३०१ नेट होती. सोसायटीतल्या काकूंची कॅमरी हो. तुमच्या आजोबांची जीटीओ सिग्नलवर तिला हरवेलच असं मी छातीठोक सांगणार नाही.

वूडवर्डकर
अंजलीताई, पगाराचं आवडलं :) पण मी कुठे म्हणालो की ती फास्ट आहे. आता इलेक्ट्रिक गाडी तीन-साडेतीन सेकंदांत ६० मैलांवर जाते, पाच माणसं आणि किराणा घेऊन. वेगच पाहिजे तर विषय संपला. मला ती फास्ट *वाटते*, हा मुद्दा आहे. चाळीसच्या स्पीडला सुद्धा वाटतं काहीतरी चाललंय. नव्या गाडीत ऐंशीला सुद्धा झोप येते. आणि हे कंपन्यांना पण कळतं बरं का, नाहीतर डॉजने त्यांच्या ‘चार्जर’ नावाच्या इलेक्ट्रिक गाडीला खोटा एक्झॉस्ट कशाला बसवला असता, स्पीकर लावून गुरगुरणारा? खरा माल बंद करायचा आणि त्याचा आवाज विकायचा.

ब्रेकपॅड
तो आवाज मलाही लाजिरवाणा वाटतो, तिथे मी तुमच्या बाजूने.

कुर्ला_ते_कँटन
मी जरा वेगळं विचारू का, राग मानू नका. ही आठवण आपली आहे का? त्या आजोबांची आहे, कळतं. तो माणूस विशीत असताना प्लांटमध्ये चांगला पगार होता, पेट्रोल पाण्याच्या भावात, शुक्रवारी रात्री वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पोरं सिग्नल टू सिग्नल रेस लावायची, मग इन्शुरन्स महागला, ७३ ला तेलाची टंचाई आली आणि खेळ संपला. त्यांना गाडी नाही आठवत, विशी आठवते. आपण इथे आलो नव्वदनंतर. १९६६ मध्ये माझे आजोबा बेस्टच्या बसला लोंबकळत होते. ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझला, म्हणजे वूडवर्डवरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, आपली मंडळी त्या गाड्यांना टेकून फोटो काढतात तेव्हा मला दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये घुसल्यासारखं वाटतं.

पुण्याचा_पक्या
आमच्याकडे कॉन्टेसाला मसल कार म्हणतात राव, तुम्ही कुठे आठवणींचे हक्क विचारताय 😂 सुरुवातीच्या कॉन्टेसाला इंजिन अँबॅसॅडरचं, ५० हॉर्सपॉवर. दार लावलं की आवाज मात्र असा की तिजोरी बंद झाली.

वूडवर्डकर
कुर्लाकर, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात फिरतोय. तुमच्या कुर्ल्यातच बनायची ना पद्मिनी? बाबांकडे होती. पावसाळ्यात सकाळी डॅशबोर्डचा चोक ओढायचा, ओढून जरा धरायचा, आणि चालू झाली की हळूहळू आत सोडायचा. सोडायचं काम माझं. घाईत सोडला तर बंद पडायची, फार वेळ ओढून ठेवला तर प्लग ओले व्हायचे आणि मग बाबा बॉनेट उघडून, प्लग काढून, रुमालाने पुसून परत बसवायचे, ऑफिसच्या शर्टात. रविवारी आजोबांच्या गॅरेजात तो वास आला तेव्हा मला वूडवर्ड नाही, ठाण्याचं आमचं कंपाउंड आठवलं. म्हणजे तुमचं खरं आहे, जीटीओ माझी नाही. पण वास माझाच आहे.

कुर्ला_ते_कँटन
आमच्याकडे पद्मिनी मामाची होती. प्लग पुसायला मामीची जुनी साडी. ठीक आहे, अर्धा शब्द मागे.

नवीन_गाडीवाली
सगळे हळवे झालात म्हणून सांगते, माझ्या २०२१ च्या एसयूव्हीचा मागचा एक लाइट गेला. बल्ब नाही मिळत, अख्खं युनिट बदला म्हणाले. मजुरी धरून ९०० डॉलर, वर सॉफ्टवेअरला ओळख करून द्यायचे वेगळे. सुरक्षित आहे, मान्य, मुलांना शाळेत मी जीटीओत मुळीच नेणार नाही. पण ९०० डॉलर भरताना मलाही तो रुमाल आठवला असता.

एक्सफ्रेम_नको
जुनीचा हिशोब पण लिहा मग. लिटरला चार-साडेचार किलोमीटर मिळाले तर नशीब. इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप खातं, कॅमशाफ्टसाठी झिंकवालं ऑइल शोधत फिरा, आणि पत्रा ठोकून बघितला तर आत पुट्टी निघते.

ब्रेकपॅड
वूडवर्डकर, आजोबांना एक विचारा. ड्युअल सर्किट मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक राहतात तो, ६७ च्या गाडीचा बसतो, थोडी पाइपिंग बदलावी लागते. शनिवारचं एक काम आहे, मी येऊन करून देतो, फुकट. जुना काढून डब्यात ठेवू.

वूडवर्डकर
विचारलं. म्हणाले फॅक्टरीतून आली तशी आहे, हात लावायचा नाही.

ब्रेकपॅड
मग निदान नळ्या तरी बघू द्या म्हणावं. टॉर्च आणतो.

वूडवर्डकर
शनिवारी दहाला या म्हणालेत. आणि हो, त्यांनी विचारलंय की तुम्ही कुठली गाडी चालवता. मी काही सांगितलं नाही.