फाइलच्या नावातला मधला तुकडा बॅच फाइलने कसा काढायचा?

नकाशावाला:
मंडळी, स्कॅन केलेल्या नकाशांची नावं अशी आहेत: नकाशा_२०१९-०८-१४_आवृत्ती३.पीडीएफ. (मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे. कॉम्प्युटरवर नावं, आकडे सगळं रोमन.) यातून २०१९-०८ एवढंच काढून त्या नावाचा फोल्डर करायचा आणि फाइल त्यात टाकायची. फॉर लूपच्या कंसात सेटने नाव व्हेरिएबलमध्ये घेतलं नि इको केलं, तर प्रत्येक ओळीला नुसतं 'इको इज ऑफ'. त्याच विंडोत परत चालवलं, तर सगळ्या ओळींवर शेवटच्या फाइलचं नाव! हा काय प्रकार?

काळी खिडकी:
नेहमीचाच. कंसातला अख्खा ब्लॉक सीएमडी (बॅच फाइलमधल्या आज्ञा चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) आधी एकदम वाचतो आणि %नाव% ची किंमत तिथेच भरून मोकळा होतो. लूप सुरू व्हायच्या आधी व्हेरिएबल रिकामं, म्हणून उघडा इको, आणि उघडा इको म्हणजे 'इको इज ऑफ'. दुसऱ्या खेपेला मागच्या वेळची किंमत विंडोत उरलेली असते, तीच सगळीकडे छापली जाते.

आता कोणीतरी सांगेल, डिलेड एक्स्पान्शन (किंमत आधी न भरता ओळ चालताना भरणं) चालू करा आणि टक्क्याऐवजी उद्गारचिन्ह लावा. चालतं. पण एखाद्या फाइलच्या नावातच उद्गारचिन्ह असलं की ते गायब होतं आणि मग मूव्हला फाइल सापडत नाही. माझं मत विचाराल तर इथे सेट नकोच. फॉरच्या फॉरमध्ये काम होतं (मीही उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना रोमन घ्या, सगळं एका ओळीत):

फॉर /एफ "डेलिम्स=" %%ए इन ('डिर /बी /ए-डी *.पीडीएफ') डू फॉर /एफ "टोकन्स=२,३ डेलिम्स=_-" %%बी इन ("%%~एनए") डू एमडी "%%बी-%%सी" २>नल & मूव्ह "%%ए" "%%बी-%%सी"

बाहेरचा फॉर पूर्ण नाव धरून ठेवतो. ~एन एक्स्टेन्शन उडवतो. आतला फॉर अंडरस्कोअर आणि डॅश दोन्हींवर तोडतो: दुसरा तुकडा वर्ष, तिसरा महिना. %%सी वेगळा जाहीर करायचा नसतो, बीच्या पुढचं अक्षर तो आपणच घेतो. आधी एमडी (फोल्डर बनवणारी आज्ञा) आणि मूव्ह दोघांच्याही पुढे इको लावून नुसतं बघा. '२>नल' (चुकांचे संदेश लपवणारा भाग) त्या चाचणीपुरतं काढलंत तरी चालेल.

नकाशावाला:
झालं की! फक्त एक 'आवृत्ती३-' नावाचा विचित्र फोल्डर उगवलाय. आणि स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याचं नुसतं नाव हवंय. %~डीपी० (स्क्रिप्टच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता) फॉरमध्ये देऊन ~एन लावलं, तर रिकामं येतं.

जुना डॉसवाला:
तुमच्याकडे 'नकाशा__आवृत्ती३' अशी तारीख नसलेली फाइल असणार. लागून आलेले दोन अंडरस्कोअर फॉर /एफ एकच धरतो. रिकामा रकाना त्याला दिसतच नाही, पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकतं. तुकडे पाडल्यावर तपासत बसण्यापेक्षा डिरलाच (फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेला) गाळायला लावा: *.पीडीएफऐवजी "*_????-??-??_*.पीडीएफ". बिनतारखेच्या फाइली जागच्या जागी राहतील, त्या हाताने बघा.

फोल्डरचं म्हणाल तर %~डीपी० च्या शेवटी बॅकस्लॅश असतो, त्याच्यापुढे नाव कुठलं उरणार? "%~डीपी०." असा एक टिंब जोडून फॉरला द्या आणि ~एनएक्स घ्या, नुसतं ~एन नको. फोल्डरचं नाव 'नकाशे.जुने' असलं तर ~एन त्यातलं '.जुने' एक्स्टेन्शन समजून कापतो.

आणि पुढे कधी महिन्यावर सेट /ए ने गणित करावंसं वाटलं तर थांबा. शून्याने सुरू होणारा आकडा तो ऑक्टल (० ते ७ एवढेच अंक असलेली पद्धत) धरतो. ०१ ते ०७ बिनबोभाट चालतात, ०८ आणि ०९ वर एरर येते. आकड्याच्या पुढे १ चिकटवायचा आणि मग १०० वजा करायचे: १०८ वजा १०० म्हणजे ८.

नकाशावाला:
गाळणी लावली, 'आवृत्ती३-' गेला. महिन्याचं गणित खरंच करायचं होतं, मागच्या महिन्याचा फोल्डर शोधायला. जानेवारीतून १ वजा केला की शून्य येतो, तिथे इफ लावून १२ करतो आणि वर्ष एकाने कमी.