समाजभवनावर मजला चढवायचा आहे, परवानगी आणि पायाबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या ले-आउटच्या ओपन स्पेसवर एक समाजभवन आहे. 1996 साली घरोघरी चंदा गोळा करून बांधलेलं. 40 बाय 25 चा एकच हॉल, मागे एक संडास. तेव्हा निम्मे प्लॉट खाली होते. आता एकेका प्लॉटवर तीन-तीन मजले झाले, हॉल तेवढाच आहे.

सकाळी योगावाले, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी ज्येष्ठांचा कॅरम. उरलेल्या वेळात एमपीएससीवाली पोरं-पोरी अभ्यासाला बसतात. कोणाचं साक्षगंध किंवा तेरवी निघाली की पहिले तीच बाहेर. परवा दोन पोरी बिछायतवाल्याच्या गाद्यांच्या ढिगावर बसून गणितं सोडवत होत्या. तेव्हापासून मी मागे लागलो आहे की वर अभ्यासिका काढू.

मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले, पण अर्ध्यांना वर लग्नाचा हॉल पाहिजे, कारण त्याचं भाडं येते. (भाड्याशिवाय विजेचं बिल निघत नाही, हेही खरं आहे.) एक जण म्हणतो टिनाचं शेड टाका, स्वस्तात होते. मे महिन्यात नागपुरात टिनाखाली अभ्यास करायचा म्हणजे कुलरनेच हात टेकले समजा!

हॉल लोड बेअरिंगचा आहे, म्हणजे सगळा भार भिंतींवर, कॉलम नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या आहेत. परवानगीसाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवून राहिले. निधी मिळवून देतो म्हणणारे दोघं-तिघं भेटले, पण कागद कोणते लागतात ते कोणी सांगत नाही. तुमच्या ले-आउटमध्ये असं काम झालं असेल तर सुरुवात कुठून केली?

बर्डीकर: भाऊ, आधी मंजूर ले-आउटचा नकाशा काढा. जागा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) आहे की मनपाकडे (महानगरपालिका) गेली, ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ओपन स्पेससाठी मर्यादा आहे. बांधकाम जास्तीत जास्त दोन मजली, दोन्ही मिळून जागेच्या 15 टक्के, त्यातही तळमजला 10 टक्क्यांच्या वर नाही. वाचनालय, योग केंद्र, व्यायामशाळा यांचा त्यात उल्लेख आहे. लग्नाच्या हॉलचा नाही. तुमचं अर्धं भांडण इथंच मिटते.

खासदार निधीचे पैसे मंडळाच्या खात्यात येत नाहीत. खासदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम ठरवलेली यंत्रणा करते. धर्मादाय कार्यालयात मंडळाचा चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) शेवटचा कधी दिला ते पाहून घ्या.

काळीमाती: मी साइटवरचा माणूस, पायाचं सांगतो. आपल्या इकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिरप्या भेगा बहुतेक त्याच्याच. भिंतीलगत एक खड्डा खणून पाया किती खोल आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचारही करू नका. फार तर बाहेरून स्वतंत्र कॉलम उभे करून वरचा भार त्यांच्यावर घेता येते, पण खर्च वाढते.

धागाकर्ता: दोघांचे आभार. चेंज रिपोर्ट 2009 चा निघाला. त्यातले अध्यक्ष वारून चार वर्षं झाली, म्हणजे ते काम पहिले.

काल टेप घेऊन मोजलं. ओपन स्पेस साधारण 11,000 चौरस फूट, म्हणजे खाली 1,100 आणि एकूण 1,650. हॉल 1,000 चा. वाटलं, वर 600 ची अभ्यासिका आरामात बसते. मग लक्षात आलं, कोपऱ्यात मारुतीचं मंदिर आहे आणि त्याचा सभामंडप धरून 280 फूट भरते. तेही यातच मोजतात का? मोजत असतील तर तळमजल्याची मर्यादा आम्ही केव्हाच ओलांडली आहे. आणि हे मीटिंगमध्ये सांगायचं कसं, कारण मंदिर समिती आणि भवन समिती एकच आहे जी.